कुख्तांच्या घरी दुखत नाही

मेल मंगळवारी सकाळी आली. पॉलेट कुख्तानं ती आधी उभ्यानं वाचली, मग खुर्ची ओढून बसून वाचली, मग चष्मा स्वेटरला पुसून तिसऱ्यांदा वाचली, आणि तरी ती आपल्यालाच आली आहे असं तिला वाटेना. क्लिनिकनं कळवलं होतं की औषधी गांजाच्या कार्डाच्या नूतनीकरणासाठी आपण ऑनलाइन भरलेला फॉर्म मिळाला, आभारी आहोत. मात्र गेल्या वर्षीपर्यंत आपली वेदना दहापैकी आठ अशी नोंदलेली असून यंदा आपण ती दोन लिहिली आहे, रोजच्या कामात अडथळा 'नाही' आणि झोप 'चांगली' लिहिली आहे. तेव्हा आपण अजून पात्र आहात की नाही हे डॉक्टर स्वतः बोलून ठरवतील, गुरुवारी दुपारी दोन वाजता व्हिडिओवर हजर राहावे. कार्डाची मुदत शुक्रवारी संपत होती. पात्र हा शब्द तिला झोंबलाच, पण त्याहून झोंबला तो आठाचा आकडा. आठ कोणी लिहिला? सत्तर वर्षांच्या आयुष्यात पॉलेट कुख्ताच्या तोंडून कुठल्याही डॉक्टरापुढे तीनाच्या वरचा आकडा बाहेर पडलेला नव्हता. आतापर्यंत फॉर्म भरायची ती भाची, थोरल्या बहिणीची मुलगी डॅना. ती लग्न करून कोलंबसला गेली म्हणून यंदा पॉलेटनं स्वतः टॅबलेट पुढ्यात घेऊन, दर प्रश्नाला मान डोलावत, परीक्षेला बसलेल्या हुशार मुलीसारखी सगळी उत्तरं भरली होती. कुठंही अडलं नव्हतं, याचा तिला अभिमानसुद्धा वाटला होता. आता कळत होतं की ती सगळ्यात चांगले मार्क मिळवून नापास झाली होती.

दोन हा आकडा तिनं खोटा लिहिला नव्हता, हे तिचं तिला पक्कं ठाऊक होतं. सकाळी जिभेखाली गांजाच्या अर्काचे थेंब आणि संध्याकाळी चिमूटभर फूल तापवून त्याची वाफ, एवढ्यावर दिवस निघायचा. डाव्या हातातलं दुखणं खांद्यापासून शेवटच्या दोन बोटांपर्यंत असायचं, पण गप्प असायचं. पण तिनं दोन लिहिला तो एवढा हिशेब करून नाही, हेही तिला ठाऊक होतं. थेंब नसते तरी तिनं दोनच लिहिला असता. कुख्तांच्या घरात डॉक्टरानं विचारलं की 'काही नाही' म्हणायचं असतं, हे मुलं प्रार्थनेच्या आधी शिकत. पोलादाच्या कारखान्याच्या दवाखान्यात जो तक्रार सांगे त्याचं नाव हलक्या कामाच्या यादीत जाई, आणि मंदी आली की माणसं कमी करायला सुरुवात त्याच यादीपासून होई. तिच्या बापाच्या पायावर एकदा वितळलेल्या पोलादाचा थेंब बुटातून आत गेला, तेव्हा कंपनीच्या डॉक्टरानं विचारलं, अँडी, दुखतंय का? बाप म्हणाला, बूट घट्ट आहे जरा. मग घरी आल्यावर, इतर बापांसारखाच तोही वर न येता मागच्या दारानं थेट तळघरात उतरला, तिथल्या नळाखाली अंग धुवायला. नळ पूर्ण सोडलेला असे. वर जेवणाच्या टेबलाशी पॉलेट, थोरली बहीण बर्नी आणि धाकटा भाऊ एडी ताटं मांडून बसलेले, आणि खाली पाणी बदाबदा पडतंय, पडतंय, कुठल्याही माणसाला अंग धुवायला लागेल त्याच्या तिप्पट वेळ. पाणी एवढं मोठ्यानं कशासाठी सोडलंय हे कोणी विचारायचं नाही. आई कोबी वाढता वाढता म्हणायची, थंड होईल, जेवून घ्या. मग बाप वर यायचा, केस ओले, चेहरा लालबुंद, आणि म्हणायचा की आज कोबी झकास झालाय. ती सात वर्षांची असताना तिला वाटायचं की मोठी माणसं पाण्याशी भांडतात.

आणि ती तर पोरगी होती, म्हणजे तिला दुप्पट गप्प राहणं भाग होतं. सत्त्याहत्तर साली कारखान्यानं बायका घ्यायला सुरुवात केली ती कोर्टानं कान धरल्यामुळे, प्रेमानं नव्हे. बाविसाव्या वर्षी पॉलेट फावड्याच्या टोळीत लागली. ही किती आठवडे टिकते यावर पुरुषांनी पैजा लावल्या होत्या, आणि पैजेचे पैसे गोळा करायची टोपी तिच्यासमोरूनच फिरायची. ती टिकली, क्रेनवर चढली, वितळलेल्या पोलादाचं शंभर टनांचं भांडं त्यांच्या डोक्यावरून असं नेऊ लागली की खाली जेवणाचे डबे उघडे ठेवून बसावं. त्या जिद्दीची चव अजून तिच्या जिभेवर होती. मग एक्याऐंशीच्या जानेवारीत क्रेनच्या शिडीच्या एका पायरीवर बर्फ धरला होता, तिचा बूट सुटला आणि ती चौदा फुटांवरून डाव्या खांद्यावर पडली. पडण्याचं तिला काही आठवत नाही. आठवतात ती नंतरची तोंडं, वर्तुळ करून उभी, आणि त्यातलं मुकादमाचं, स्टॅन पावलिकचं, जो वाईट माणूस नव्हता आणि ज्यानं खरंच वाकून विचारलं होतं की पोरी, दुखतंय का. सगळे थांबलेले. ती म्हणाली, नाही, टोपी कुठं गेली माझी. आणि पुन्हा शिडी चढून तिनं पाळी पुरी केली. त्या दिवसाचा अहवाल कुणी लिहिला नाही, कारण घडलंच काही नव्हतं. पाच वर्षांनी कारखाना बंद पडला तेव्हा ज्यांच्या दुखण्याचे कागद होते त्यांना भरपाई मिळाली, आणि पॉलेट कुख्ताला तिची टोपी. तिनं त्यावर कधी हळहळ केली नाही. लोक तिला खमकी म्हणत आणि तिला ते पुरत असे.

नंतर सत्तावीस वर्षं तिनं शहराची बस चालवली, टेकड्या चढवल्या आणि उतरवल्या, एका हातानं चाक धरून, आणि दुसरा हात खिडकीवर टेकलेला पाहून लोकांना वाटायचं की बाई काय ऐटीत चालवते. बस चालवणाऱ्यांची लघवी केव्हाही तपासत, त्यामुळे गांजाचं नावसुद्धा काढायची सोय नव्हती. निवृत्त झाली त्या वर्षी डॉक्टरानं अफूच्या जातीच्या, सवय लावणाऱ्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी दुखणं गेलंच, पण त्यांच्याबरोबर आठवड्यांचे आठवडे गेले. डॅनाच्या पदवीदान समारंभात ती खुर्चीवर बसून झोपली होती, हे तिला फोटोवरून कळलं. त्याच गोळ्या एडी घेत होता, गोदामात पाठ धरली म्हणून. एडीलाही डॉक्टरानं विचारलं असेल की किती घेतोस, आणि एडीनंही कुख्तांसारखंच सांगितलं असेल की काही विशेष नाही. दोन हजार अठराच्या ऑक्टोबरात तो स्वतःच्या गाडीत, इंजिन चालू, सीटबेल्ट लावलेला, गोळ्या जास्त होऊन गेलेला, असा सापडला. पुरून आल्यावर पॉलेटनं आपल्या गोळ्या संडासात ओतल्या आणि पुढचे एकोणीस दिवस ती तळघरातल्या फरशीवर राहिली. नळ चालू ठेवून. विसाव्या दिवशी वर आली. वसंतात डॅनानं कार्ड करून दिलं. म्हणून शुक्रवारी कार्ड संपणं म्हणजे दुसऱ्या दुकानात जाऊन दुसरं औषध घेणं नव्हतं. एका बाजूला त्या गोळ्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला ती फरशी, आणि मरेन पण यातल्या कुठंही परत जाणार नाही, असं ती त्या विसाव्या दिवशी जिना चढताना मनाशी बोलली होती. मोठ्यानं नाही अर्थात.

बुधवारी तिनं डॅनाला फोन लावला. आठ तू लिहायचीस का, असं विचारल्यावर डॅना आधी हसली, मग म्हणाली की मावशी, ते तू आईला विचार. आणि गुरुवारच्या बोलण्यात कृपा करून शहाणपणा करू नकोस, जे आहे ते सांग. पॉलेट म्हणाली की मी जन्मभर जे आहे तेच सांगत आलेय. फोन ठेवल्यावर पॉलेट खिडकीशी जाऊन स्वतःशी म्हणाली, माझ्या शरीराची नोंद माझ्या पाठीमागे कुणीतरी ठेवत होतं, सहा वर्षं, आणि सरकारदप्तरी मी आठ आहे. तिला कुणीतरी झोपेत आपले कपडे बदलल्यासारखं वाटलं. गुरुवारी सकाळी अर्धा फूट बर्फ पडला होता. बोलवायला कोणी नव्हतं असं नाही, पण तिनं स्वतः फावडं घेऊन आपल्या गाडीची जागा साफ केली आणि ती दुसऱ्यानं लाटू नये म्हणून स्वयंपाकघरातली मोडकी खुर्ची त्यात मांडून ठेवली. रोजच्या कामात अडथळा नाही, असं ती खुर्चीला म्हणाली. तोवर हात कोपरापर्यंत पेटला होता. थेंब घेतले, ओठ मिटले, आणि ती चर्चकडे निघाली.

ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत चर्चच्या तळघरात दर गुरुवारी पिरोग्या होतात आणि शुक्रवारी विकल्या जातात. बटाटा आणि चीजचं सारण, वर मऊ कणकेची लाटी, करंजीसारखी दुमडून काठ बोटांनी चिमटायचे. काठ नीट चिमटला नाही तर उकळत्या पाण्यात पिरोगी फुटते आणि मिसेस झुर्को, ज्यांना ब्याण्णव वर्षं झालीत आणि ऐकू कमी येतं, पण दिसतं सगळं, त्या फुटलेली पिरोगी झाऱ्यावर धरून विचारतात की ही कुणाची. पॉलेटची कधीच नसते. उजव्या हातानं तिचं चिमटणं ऐटबाज असतं, डाव्यानं ती फक्त लाटी धरते. समोर तिची थोरली बहीण बर्नी, डॅनाची आई, बसली होती. बापाच्या घराचे उभे दोन भाग करून एकात बर्नी राहते आणि एकात पॉलेट, मध्ये एकच भिंत. बर्नी चर्चच्या बायकांची पुढारी आहे, आणि बहिणीच्या कार्डाला ती चारचौघींत 'पॉलेटचं गांजेकस लायसन' म्हणते. त्या दिवशीही तिनं सुरुवात केलीच.

"गोड काय सोडतेस उपासाला, या चाळीस दिवसांत तुझा गांजा सोड की. देवालाही नवल वाटेल."

"मी कुरकूर सोडलीय, सत्तर वर्षं झाली," पॉलेट म्हणाली. "त्याची पोच अजून आली नाही वरून."

बायका हसल्या. पॉलेटनं पुढची लाटी घेतली, सारण ठेवलं, आणि मान वर न करता, हसू ओसरायच्या आत, विचारून टाकलं की डॅनाला आठ लिहायला कोणी सांगितलं. तिला वाटलं होतं बर्नी कानावर हात ठेवेल. बर्नीनं हातातली पिरोगी चिमटून पुरी केली, पिठाच्या ट्रेमध्ये ओळीत लावली.

"मी," ती म्हणाली. "नऊ सांगणार होते. मग म्हटलं, हिला कळलं तर ही मला जिवंत ठेवणार नाही, म्हणून एक कमी केला."

"तुला काय माहीत माझं?"

"नळ," बर्नी म्हणाली. "भिंत एकच आहे आपली, पॉलेट. बाबांना जाऊन तीस वर्षं झाली, पण तो नळ कशासाठी सोडतात ते मी विसरलेली नाही. बाबा तो सोडायचे तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ताटं मीच मांडायचे."

पॉलेटला राग आला. तो इतका आला की हातातली लाटी फाटली. आपण पंचेचाळीस वर्षं ज्याला कुलूप लावून बसलो, त्याची दुसरी किल्ली शेजारी होती आणि शेजारीण रोज सकाळी कॉफीला येऊन गांजेकस म्हणून चिडवत होती, पण आत काय आहे ते बोलत नव्हती, कारण तीही शेवटी कुख्ताच. दोघी बहिणी भिंतीच्या दोन बाजूंना एकाच पाण्याचा आवाज ऐकत बसल्या होत्या आणि एकीनंही भिंतीवर टकटक केली नव्हती. या रागाच्या खाली कुठंतरी तिला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याचा आणखी राग आला. बर्नीला काहीतरी खरमरीत बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण भिंतीवरच्या घड्याळात दोनाला पाच कमी होते. तिनं हात पुसले, टॅबलेट उचलला आणि पलीकडच्या कोठीच्या खोलीत गेली. बटाट्याची पोती, पिठाचे डबे, वर एक उघडा दिवा. दार नीट लागत नाही, अर्धवट उघडं राहतं.

डॉक्टर प्रुइट तिशीचा होता, दाढी नुकती ठेवलेली, आणि सभ्य. त्यानं आधी पोत्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि सगळं ठीक ना असं विचारलं. ती म्हणाली, ठीक. सवय. त्यानं खाली कागदात पाहिलं आणि मान हलवली, की असे फॉर्म भरताना लोकांची चूक होते, वयस्कर मंडळींची विशेषतः, त्यात काही नाही. आकडा आठ करून टाकतो, मग लगेच सही करता येईल. हो म्हणायचं होतं फक्त. एक शब्द, आणि शुक्रवार टळत होता. पॉलेटला तो बरा माणूस वाटला, स्टॅन पावलिकसारखाच बरा, वाकून विचारणारा, आणि म्हणूनच तिच्या डोक्यात तिडीक गेली. आयुष्यभर आकडा कमी करून खोटं सांगितलं, आता वाढवून खोटं सांगायचं. मधलं जे खरं आहे ते घ्यायला कोणाचंच टेबल नाही.

"चूक नाही झालेली," ती म्हणाली. "दोनच आहे. तुमच्या औषधानं दोन आहे. चष्मा लावून डोळ्यांच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली म्हणून तुम्ही माणसाचा चष्मा काढून घेता का?"

प्रुइट हसला नाही. त्यानं पेन खाली ठेवलं. तो म्हणाला की मुद्दा बरोबर आहे, पण असं असेल तर मला लिहावं लागेल की औषधाशिवाय काय असतं, आणि ते आकड्यात नाही, तुमच्या शब्दांत लिहावं लागेल. तेवढं सांगा. घाई नाही, असंही तो म्हणाला.

बाहेर लाटण्यांचा आवाज चालू होता. पॉलेटनं शब्द शोधले. तिला शिव्या येत होत्या, घरच्या स्लोव्हाक भाषेतल्या आणि इंग्रजीतल्या दोन्ही, क्रेनच्या भोंग्याच्या खुणा येत होत्या, शहरातल्या एकूण एक थांब्यांची नावं पाठ होती, आणि हा एक साधा शब्द, जो तीन वर्षांचं पोरसुद्धा गुडघा फुटल्यावर म्हणतं, तो तिच्या तोंडाला कधी लागलेलाच नव्हता. गप्प बसावं, असं सगळं अंग सांगत होतं. टोपी कुठंय म्हणावं, हसावं, बाहेर जाऊन काठ चिमटावेत. मग शुक्रवारी ती फरशी. तिनं पाहिलं की दार अर्धवट उघडं आहे आणि बाहेरचा आवाज कमी झाला आहे, म्हणजे बायका ऐकताहेत. पायानं ढकललं असतं तर दार जवळजवळ लागलं असतं. तिनं पाय पुढे केला आणि दार सताड उघडलं. सगळ्या जणी माना वळवून बघत होत्या. बर्नी उभी राहिली होती, हाताला पीठ.

"दुखतं," पॉलेट म्हणाली.

लाटणी थांबली. मिसेस झुर्कोंनी कानामागे हात नेला आणि काय म्हणाली ती, असं विचारलं.

"दुखतं म्हणाली," बर्नीनं मोठ्यानं सांगितलं.

"कुणाला?"

"पॉलेटला."

"आपल्या पॉलेटला?" मिसेस झुर्को म्हणाल्या, आणि त्यांनी झारा खाली ठेवला.

एकदा तो शब्द बाहेर पडल्यावर पॉलेटला कळेना की एवढ्याशा शब्दाला आपण का भीत होतो, तो तर काही करतच नव्हता. छत होतं तिथं होतं. मग तिनं दुसरा काढला. खांद्याच्या आत तापलेली तार ओढल्यासारखं होतं, ती सांगू लागली, आणि सकाळी उठल्यावर पहिली दहा मिनिटं हात माझा नसतो, परक्याचा जड हात कुणी अंगावर टाकल्यासारखा. ब्लाऊजचं बटण लावता येत नाही. मी पुलओव्हर घालते ते आवडतात म्हणून नाही. बसमध्ये लाल सिग्नल लागला की मी दात इतके आवळायचे की मागचे दोन पडले, आणि दाताच्या डॉक्टरालाही मी सांगितलं की कँडी खाल्ली. तिचा आवाज रडका नव्हता. चढाला गाडी घेताना मागच्या प्रवाशांना आत सरका म्हणून सांगायची तोच आवाज होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. तिला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि या वेळी तो कुठं ओतायचा ते ठाऊक होतं. माझ्या भावाचं नाव एडी, ती म्हणाली. तेही लिहा. त्यालाही दुखत होतं आणि त्यानंही सांगितलं नाही, आणि त्याला जे दिलंत ते मी पुन्हा घेणार नाही. घेणार नाही म्हणजे नाही. प्रुइट भराभर लिहीत होता. बर्नी कोठीच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिनं बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला नाही, कारण त्या खांद्यात काय आहे हे तिला आता ऐकून कळलं होतं. तिनं बटाट्याचं एक पोतं ओढलं आणि पॉलेटच्या शेजारी बसली.

"मिस कुख्ता," प्रुइट म्हणाला, "एवढं पुरे आहे. खरंच पुरे आहे. मी सही केली. कार्ड वर्षभर चालेल, आता फक्त राज्याच्या संकेतस्थळावर जाऊन तुम्ही ते—"

"सही केलीत, बरं केलंत," पॉलेट म्हणाली. "आता बसा. मी अजून एक्याऐंशी सालच्या शिडीपर्यंतही पोचलेली नाही."